वकील कोणाचा? : कळव्यातल्या घरखरेदीचा आढावा

कळव्यात घर पाहायला निघालेला माणूस आधी भाव विचारतो, मग स्टेशनपासूनची मिनिटे, मग पाणी किती वेळ येते ते. वकिलाचा विषय निघतो तो बहुधा टोकन देऊन झाल्यावर, आणि काढतो तो एजंट. ‘‘आपला माणूस आहे, रजिस्ट्रेशनचं सगळं तोच बघतो.’’ हा माणूस नेमका कोणाचा, हे त्या घाईत विचारायचे राहून जाते. वकील जवळचा असावा की लांबचा, नावाजलेला असावा की स्वस्तातला, यावर लोक बरेच बोलतात. मला त्याआधीचा हा प्रश्न मोठा वाटतो, आणि कळव्यात तर तो फारच मोठा आहे.

कारण इथे ‘घर’ नावाचा एकच माल विकला जात नाही. खाडीच्या बाजूला मनीषा नगर, खारेगाव, पारसिक नगर इथल्या सोसायट्या आणि आता टॉवर. मध्ये आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण. ऐरोलीच्या रस्त्याला विटावा. आणि रुळांपलीकडे पूर्वेला भास्कर नगर, घोलाई नगर, वाघोबा नगर अशी डोंगर चढत गेलेली वस्ती. एका घरामागे महारेराचा क्रमांक असतो, दुसऱ्यामागे १९८०च्या दशकातला पिवळा पडलेला करार, तिसऱ्यामागे नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर आणि घरपट्टीची पावती. तिन्ही घरे एकच एजंट एकाच दुपारी दाखवतो. तिन्हींना लागणारा वकील मात्र एक नसतो.

शेवटच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. पूर्वी शंभराच्या आणि ऑक्टोबर २०२४ नंतर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेल्या कागदाने स्थावराची मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि करार यांच्या जोरावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्टच सांगितले आहे. तिथे चांगला वकील कोणता, याची खूण एकच. तो ‘घेऊ नका’ म्हणतो आणि मसुद्याची फी सोडून देतो. घरपट्टीची पावती हाही आधार नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते, उलट कलम २६७अ खाली त्यावर शास्तीही लावू शकते. पावतीवर शास्तीचा रकाना भरलेला असेल, तर त्या पावतीने घर अनधिकृत असल्याचेच कळते. पण पावती आहे म्हणजे घर पक्के, अशी समजूत कळव्यात घट्ट आहे आणि एजंट ती मोडायला जात नाही.

नोंदणी झाली की सुटलो, ही दुसरी समजूत. नोंदणी कायदा १९०८चा, आणि त्याखाली नोंद होते ती दस्ताची, मालकीची नाही. दुय्यम निबंधक सह्या करणारे कोण, मुद्रांक पुरेसा आहे का, साक्षीदार ओळख पटवतात का, हे पाहतो. विकणाऱ्याला मुळात विकायचा हक्क होता का, हे तपासणे त्याच्या कामात येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा अधोरेखित केले. इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीत नाव लागले की त्या मालकीमागे सरकारची हमी उभी राहते, म्हणून तिथल्या सॉलिसिटरचे काम बरेचसे ठरीव चाकोरीतले असते. आपल्याकडे हमी कोणाचीच नाही. सातबारा आणि मालमत्ता पत्रक हेही महसुली अभिलेख आहेत, मालकीचा अंतिम पुरावा नव्हेत. मग उरते ते वकिलाचे मत आणि त्या मतामागची मेहनत.

ही मेहनत न झाल्यास काय होते, ते डोंबिवलीने दाखवले. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्याच महारेराकडे सादर करून नोंदणी क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये बाहेर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेणाऱ्यांकडे महारेराचा क्रमांक होता, नोंदलेला करार होता, आणि कित्येकांकडे बँकेचे गृहकर्जही होते. म्हणजे सामान्य माणूस ज्या तीन शिक्क्यांवर विसंबतो ते तिन्ही होते. नव्हते ते एकच काम. कोणीतरी त्या परवानगीचा जावक क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ‘हा कागद तुमचाच ना’ असे विचारायला हवे होते. हे काम घरबसल्या होत नाही. लांबच्या वकिलाकडून ते होईलच असे नाही. स्थानिक वकिलाला तिथले टेबल माहीत असते. स्थानिक वकील घ्यावा असे मी म्हणतो त्याचे पहिले कारण हे.

आता या बाजारात कोण कोण वकील म्हणून समोर येतात ते पाहू.

सगळ्यात आधी भेटतो तो वकील नसतोच. सह दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास काम करणारा, डेटा एंट्री करून टोकन क्रमांक घेणारा, साक्षीदारही पुरवणारा असा एक माणूस असतो. त्याचे ‘पॅकेज’ असते. तो कामाचा आहे. नोंदणीच्या दिवशी अंगठ्याचे यंत्र चालले नाही तर त्याच्याइतका उपयोगी कोणी नाही. पण तो करारातले विकणाऱ्याचे नाव बदलून पुढचा करार छापतो. मागच्या कराराच्या परिशिष्टात सर्व्हे नंबर चुकला असेल तर तो तसाच पुढे जातो, आणि असे तीन करार झाले की चूक बरोबर वाटू लागते.

दुसरा बिल्डरचा वकील. नव्या प्रकल्पात जमिनीच्या मालकीबाबतचा त्याचा अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो, ही चांगली सोय झाली. तो जरूर वाचावा, आणि आपल्या वकिलाला वाचायला द्यावा. मात्र तो लिहिणाऱ्याची फी बिल्डरने दिलेली असते. रेरा कायद्याच्या कलम १८(२) खाली जमिनीच्या सदोष मालकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई बिल्डरकडे मागता येते आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. पण ते नंतरचे भांडण झाले, आणि तोवर बिल्डरची कंपनी शिल्लक असायला हवी.

तिसरा बँकेच्या पॅनेलवरचा. ‘‘बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअर,’’ हे वाक्य कळव्यात रोज कुठे ना कुठे उच्चारले जात असेल. बँकेचा वकील बँकेचा धोका पाहतो. कर्ज घराच्या किमतीच्या काही टक्के असते, शिवाय तुमचा पगार आणि जामीनदार बँकेच्या हाताशी असतात. त्याचा अहवाल पुष्कळदा तुम्हाला दाखवतही नाहीत. प्रक्रिया शुल्कात त्याचे पैसे तुम्ही दिलेले असले तरी अशील बँकच.

चौथा फोर्टातला. मुंबईत सॉलिसिटरांची जुनी परंपरा आहे. वकिलांमधले कायदेशीर वर्ग १९६१च्या अधिवक्ता कायद्यानंतर मोडीत निघाले, तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा अजून चालते आणि त्या पेढ्यांचा दबदबाही आहे. मोठ्या भूखंडाच्या व्यवहारात त्यांचे मत सोन्यासारखे. दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी मात्र तिथे जाऊन फारसे साधत नाही. ते काम तिथल्या नवशिक्याकडे जाते, आणि सर्च घ्यायला शेवटी ठाण्यातलाच माणूस पाठवला जातो.

मग राहतो तो ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर बसणारा किंवा कळवा स्टेशनजवळ खोली घेऊन काम करणारा वकील. माझा कौल त्याच्याकडे आहे, पण डोळे झाकून नाही. स्थानिक असण्याचा जो फायदा, तोच धोकाही. ज्याला खारेगावातल्या जमिनीची चार पिढ्यांची भानगड तोंडपाठ आहे, त्याने त्या जमिनीवरच्या बिल्डरचे विकसन करारही केलेले असू शकतात. एजंटाकडून त्याला महिन्याला दहा कामे येत असतील, तर तुमच्या एका कामासाठी तो उरलेल्या नऊंवर पाणी सोडणार नाही. म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारावे. या बिल्डरचे, या सोसायटीचे, या विकणाऱ्याचे काम तुम्ही कधी केले आहे का? यात अपमान काही नाही. ज्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याच्यासाठी काम केले, त्यात विरुद्ध पक्षासाठी उभे राहू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. खऱ्या वकिलाला तो ठाऊक असतो आणि तो उत्तर देतो. चिडला, तर तेही एक उत्तर समजावे.

दोन्ही पक्षांचा मिळून एक वकील, फी निम्मी निम्मी, अशी इकडे सर्रास पद्धत आहे. ती सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. पुनर्विक्रीचा साधा फ्लॅट, साखळी पूर्ण, सोसायटी जुनी, माणसे ओळखीची. अशा वेळी मसुदा एकाने केला तर बिघडत नाही. पण मालकीबद्दलचे मत मात्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या वकिलाचे, त्याच्या लेटरहेडवर, सही आणि सनद क्रमांकासह असावे. तोंडी ‘क्लिअर आहे’ याला किंमत शून्य.

वकील शोधावा कसा, हीही एक अडचण आहे, कारण वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिलचा नियम ३६ तसे सांगतो; २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोर्टलांवरून वकील ‘विकण्या’लाही चाप लावण्यात आला. म्हणजे तारे लावलेली यादी पाहून पंखा निवडावा तसा वकील निवडता येत नाही, आणि जो भिंतभर फलक लावतो तो पहिल्याच पायरीवर नियम मोडतो. मार्ग जुनाच आहे, तोंडोतोंडी. मात्र विचारायचे कोणाला, यात फरक पडतो. एजंटाला विचारू नये. त्याच इमारतीत गेल्या चार-पाच वर्षांत घर घेतलेल्याला विचारावे, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे, आणि मानीव अभिहस्तांतरण करून घेतलेल्या शेजारच्या सोसायटीच्या कमिटीला तर नक्की विचारावे. ज्या वकिलाने एखाद्या सोसायटीची जमीन जिल्हा उपनिबंधकांकडून सोसायटीच्या नावावर करून आणली, त्याने त्या भागाचे कागद मुळापासून उपसलेले असतात. आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची त्याची सनद आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

आता कामाकडे. वकिलाचे सगळे कसब सर्च रिपोर्टमध्ये दिसते. हा कागद बहुतेक खरेदीदार पाहतात, वाचत नाहीत. वर लिहिलेले असते: मौजे कळवा, तालुका व जिल्हा ठाणे, सर्व्हे क्रमांक अमुक, हिस्सा क्रमांक तमुक. खाली तीस वर्षांची यादी, एका ओळीला एक साल. बहुतेक सालांसमोर ‘नोंद नाही’. अधूनमधून ‘रजिस्टर फाटलेले’, ‘सूची तयार नाही’, ‘पुस्तक बाइंडिंगला’. शेवटी ग्रास या सरकारी संकेतस्थळावर भरलेल्या शोध शुल्काच्या चलनाचा क्रमांक. आणि त्यानंतर वकिलाचे मत: मालकी निर्वेध व विक्रीयोग्य. आता बघा, तीसपैकी सहा सालांची पुस्तके फाटलेली आणि मत मात्र निखळ. त्या सहा सालांत काय झाले, हे त्याने दुसरीकडून तपासले का? फेरफार काढले का? गाव नमुना सहा पाहिला का? काळजी घेणाऱ्या वकिलाच्या रिपोर्टात त्या ओळीखाली आणखी एक ओळ असते, की या काळासाठी अमुक फेरफार क्रमांक पाहिले आणि त्यात हे आढळले. नोंदणी खात्याचा संगणकीय कारभार ‘सरिता’ प्रणालीने २००२च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतरचे ऑनलाइन शोधता येते आणि काहीजण तेवढ्यावरच भागवतात. त्याच्या मागचे शोधायला कार्यालयात बसून पाने उलटावी लागतात. सर्च कुठून कुठपर्यंत हाताने घेतला, हा प्रश्न वकिलाला आवडत नाही, पण विचारावा.

तीस वर्षांच्या मागेही कळव्याच्या जमिनीत बरेच गाडलेले आहे. इथल्या भाताच्या शेतांवर कूळ कायद्याने, म्हणजे १९४८च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ रोजी कुळे मालक झाली. त्यांना ३२ग खाली किंमत ठरवून ३२म चे प्रमाणपत्र मिळाले की नाही, आणि पुढे ती जमीन विकायला कलम ४३ ची परवानगी घेतली की नाही, हे प्रश्न पुसले जात नाहीत, वर सात मजले उभे राहिले तरीही. नंतर १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला; महाराष्ट्राने तो २००७च्या नोव्हेंबरात रद्द केला खरा, पण कलम २०ची सूट घेऊन बांधलेल्या इमारतींच्या अटी मागे राहिल्या. खाडीकाठी सीआरझेड आणि कांदळवन, डोंगराकडे वनखात्याच्या नोंदी. घोलाई नगरात जुलै २०२१च्या पावसात दरड कोसळून एकाच कुटुंबातली पाच माणसे गेली, तेव्हा ती घरे कोणाच्या जमिनीवर आहेत याची चर्चा दोन दिवस झाली.

आणि बहिणी. कळवा, खारेगाव, विटाव्याच्या जमिनी एकत्र कुटुंबांच्या. बिल्डरशी विकसन करार करताना भावांनी सह्या केल्या, बहिणी सासरी होत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला होता, २००५ मध्ये तो देशभर आला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतः आहे असे ठरवले. २००४च्या २० डिसेंबरपूर्वी झालेले पक्के व्यवहार कायद्याने वाचवले आहेत, त्यानंतरचे नाहीत. दिव्याला किंवा कोपरखैरण्याला दिलेल्या बहिणीने नोंदलेले हक्कसोड पत्र दिले आहे का, हे सातबाऱ्यावरून नेहमी कळत नाही, कारण वारसाच्या नोंदीत तिचे नावच घातलेले नसते. ते कळते अशा वकिलाला, ज्याला त्या घरातल्या लग्नांची माहिती आहे. स्थानिक वकिलाच्या बाजूने याहून मोठा मुद्दा मला सुचत नाही.

यातूनच जाहीर नोटिशीचा विषय निघतो. व्यवहारापूर्वी वकील वर्तमानपत्रात नोटीस देतो. अमुक मिळकतीबाबत कोणाची हरकत असल्यास सात किंवा चौदा दिवसांत कळवावे. कायद्यात सक्ती नाही, पण पुढे खरेदीदार प्रामाणिक होता हे दाखवायला ती उपयोगी पडते. ती कुठे छापली यावर वकिलाची नियत कळते. खारेगावच्या जमिनीची नोटीस जिथे कोणी वाचत नाही अशा एखाद्या इंग्रजी पत्राच्या आतल्या पानात देणे म्हणजे हरकत येऊ नये याचीच तजवीज. ‘ठाणेवैभव’ किंवा मोठ्या मराठी दैनिकाच्या ठाणे आवृत्तीत दिली तर निदान कोणाच्या तरी भाच्याच्या नजरेस पडते.

जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेताना जमिनीइतकीच करारांची साखळी महत्त्वाची. बिल्डरकडून पहिला, पहिल्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून आत्ताचा विकणारा. यातला एखादा करार गहाळ, एखादा नोंदलेलाच नाही, एखाद्यावर मुद्रांक कमी. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या ताब्यासह करारावर खरेदीखतासारखेच पूर्ण मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे ती तारीख कळव्यातल्या कित्येक फायलींच्या मधोमध येऊन बसते. डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने जुन्या दस्तांसाठी अभय योजना आणली, तेव्हा ज्यांचा वकील जागा होता त्यांनी कमी पडलेले शुल्क सवलतीत भरून टाकले. बाकीच्यांना ते आता विकताना आठवते.

मालक वारला असेल तर नॉमिनी समोर येतो. सोसायटी त्याच्या नावावर शेअर सर्टिफिकेट करते आणि तोही स्वतःला मालक समजतो. पण नॉमिनी हा वारसांच्या वतीने धरणारा, मालकी वारसांचीच. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोड पत्रे घेतल्याशिवाय पुढे जाणारा वकील बदललेला बरा. तारण हाही एक छुपा विषय. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची नोंद इंडेक्स टू या दस्तांच्या सूचीत पूर्वी येत नसे. २०१३ पासून त्याची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याचा कायदा झाला. त्याआधीच्या कर्जासाठी सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद, बँकेचे पत्र आणि मुख्य म्हणजे मूळ करार डोळ्यांनी पाहणे, यावाचून इलाज नाही. झेरॉक्सवर समाधान मानणाऱ्या वकिलाला मी तरी फी देणार नाही. पार्किंगचे काय, हेही विचारून घ्यावे. स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी विकता येत नाही, ती सोसायटीची, असे सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका इमारतीच्या प्रकरणात २०१० मध्ये ठरवले. तरी कळव्यातले एजंट पार्किंगचे वेगळे लाख अजून सांगतात.

आणखी एक प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही: जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? १९६३च्या मोफा कायद्याने ती करून देणे बिल्डरचे काम. बिल्डर देत नाहीत म्हणून २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. ते झालेले नसेल तर घर घेऊ नये असे नाही, नाहीतर कळव्यात घरच मिळणार नाही. पण ठाण्यात क्लस्टर आणि पुनर्विकासाचे वारे वाहत असताना जमीन कोणाची यावर उद्याच्या चौरस फुटांचा हिशेब अवलंबून आहे, आणि वकिलाने ते आधी सांगायला हवे.

विकणाऱ्याला वकील लागत नाही असा समज आहे, तो बऱ्याच अंशी खरा वाटतो, कारण पैसे त्याच्याकडे येतात. पण करारात ताबा कधी, उरलेली रक्कम बँकेने उशिरा दिली तर काय, टोकन जप्त होणार की परत, ही कलमे विकणाऱ्याच्या मानेवर बसतात. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो विकणाऱ्याच्या पॅनवर जमा झाला का, हे पाहायला हवे. मुलगा अमेरिकेत आणि घर त्याच्याही नावावर, अशी जोडी आता पारसिक नगरात सहज भेटते. विकणारा अनिवासी असला की टीडीएसचे गणित पार बदलते आणि तिथे वकिलाच्या जोडीला सीए लागतो. सोसायटीचे हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत कमाल २५ हजार, हे २००१च्या शासन निर्णयाने ठरलेले आहे. त्यापलीकडे ‘देणगी’ मागणाऱ्या कमिटीला वकिलाचे एक पत्र पुरते.

फीबद्दल लोक घासाघीस करतात. साठ लाखांच्या फ्लॅटवर ठाणे महापालिका हद्दीत ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क जाते (खरेदीदार केवळ स्त्री असेल तर ६ टक्के), ३० हजार नोंदणी फी जाते, शिवाय एजंटाची दलाली. या सगळ्यात वकिलाचा आकडा सर्वांत लहान असतो आणि तरी कात्री त्यालाच लागते. फी किमतीच्या टक्क्यात सांगणाऱ्यापेक्षा कामाप्रमाणे सांगणारा बरा: सर्चचे इतके, मताचे इतके, मसुद्याचे इतके, नोंदणीला हजर राहण्याचे इतके. सर्च आणि मताचे पैसे टोकनच्या आधी द्यावेत आणि मत ‘नको’ असे आले तरी कुरकुर करू नये. ज्याची फी व्यवहार पार पडला तरच मिळते, तो व्यवहार पार पाडायलाच पाहणार.

आणि चूक झाली तर? इथे आपली बाजू फार कमजोर आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला व्यावसायिक विमा सक्तीचा असतो. त्याच्या चुकीने घर गेले तर भरपाई विम्यातून मिळते. आपल्याकडे तशी सक्ती नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला, म्हणजे ग्राहक आयोगाचे दार बंद. फौजदारीचे दार त्याआधीच, २०१२ मध्ये, अरुंद झाले होते. बँकेच्या पॅनेलवरील एका वकिलाने मालकीबद्दल चुकीचे मत दिल्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की कटात सहभाग सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या चुकीच्या मतासाठी वकिलावर खटला चालणार नाही. राहता राहिले ते बार कौन्सिलकडची गैरवर्तनाची तक्रार आणि दिवाणी दावा. ठाण्याच्या कोर्टात दिवाणी दावा म्हणजे काय, हे कोर्ट नाक्यावर उभे राहून कोणालाही विचारावे. या दोन्ही ठिकाणी हातात लेखी मत असेल तरच काही बोलता येते, म्हणून त्या लेटरहेडचा मघापासून एवढा आग्रह.

एक शेवटची बाब ठरवून घ्यावी, ती म्हणजे काम कुठे संपते. बरेच वकील इंडेक्स टू हातात दिला की हात झटकतात. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवणे, घरपट्टीवर नाव लावणे, विकणाऱ्याच्या बँकेकडून मूळ कागद सोडवून आणणे हे नंतरचे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत न देणाऱ्या बँकेला १ डिसेंबर २०२३ पासून दिवसाला ५ हजार रुपये द्यावे लागतात, हे वकिलाने पत्रात लिहिले की कागद लवकर सापडतात. वीजजोडणीचे नावही बदलून घ्यावे. कळव्यात मार्च २०२० पासून बिल टोरंटचे येते; विकणाऱ्याच्या फायलीत त्याआधीची महावितरणची बिले असतील तर ती रद्दीत न देता मागून घ्यावीत. जुन्या घराचा ताबा कोणाकडे किती वर्षे होता, हे दाखवायला कधीकधी तेवढाच कागद उरतो.